शब्दचर्चा : 'स्टेकहोल्डर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या अहवालाचं मराठी करते आहे. 'विद्यार्थ्यांच्या अध्ययन निष्पत्तींच्या मूल्यमापनात स्टेकहोल्डर्सचा सहभाग' असं एक प्रकरण आहे. अध्ययन निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येतं ते, आणि स्टेकहोल्डर म्हणजे ज्यांचा कॉलेजच्या कामाशी संबंध येतो ते सगळे. जुन्या अहवालात सगळीकडे 'भागधारक' लिहिलंय. कुणी 'हितधारक' सुचवतं, कुणी 'हितसंबंधी'. काय ठेवू?

प्रतिसाद

'भागधारक' आधी काढा. ज्याने कंपनीचे शेअर घेतले तो भागधारक. विद्यार्थ्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी कॉलेजचे शेअर घेतलेले नसतात. सरकारी कागदपत्रांतही हा शब्द सर्रास दिसतो, पण तेवढ्याने तो बरोबर ठरत नाही.

'हितसंबंधी' अर्थाला जवळचा आहे, पण मराठीत 'यात त्यांचे हितसंबंध गुंतलेत' म्हटलं की संशयाचा वास येतो. मूल्यमापनाच्या प्रकरणात तर तो नकोच. 'हितधारक' हिंदीतून आलाय. चालेल, पण वाचणाऱ्याला त्यातून माणसं दिसत नाहीत.

प्रतिसाद

स्टाफरूममध्ये आम्ही 'घटक' म्हणतो. 'सगळ्या घटकांचा फीडबॅक घेतला का?' कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेच्या चौकटीत विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांचा अभिप्राय घ्यायचाच असतो. आयक्यूएसीमध्येही (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) स्थानिक समाजाचा, माजी विद्यार्थ्यांचा, उद्योगाचा प्रतिनिधी लागतो. त्यामुळे 'संबंधित घटक' कुणालाही कळतं.

प्रतिसाद

'संबंधित घटक' शीर्षकाला ठीक आहे. मजकुरात मात्र माणसांची नावं घ्या, असं माझं ठाम मत आहे. अभिप्राय देणं आणि मूल्यमापनात सहभागी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकच मोघम शब्द वापरला की हा फरक बुजतो. इंजिनिअरिंगला एनबीएसाठी (अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ) हे रोज दिसतं. परीक्षा, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट ही प्रत्यक्ष मोजणी. माजी विद्यार्थी आणि कंपन्यांकडून भरून घेतलेले फॉर्म ही अप्रत्यक्ष. अनेक कॉलेजांत त्यांचं वजन ८०-२० असतं. त्या वीस टक्क्यांतही कंपनीचा माणूस एक ते पाच आकड्यांवर खुणा करतो आणि विषय संपतो. त्याला कुणी विचारत नाही की पोराला ड्रॉइंग वाचता येतं का, साइटवरच्या फोरमनशी बोलता येतं का.

तुमच्याकडे नर्सिंगमध्ये उलट आहे, आणि ते अहवालात यायलाच हवं. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर विद्यार्थिनीचं काम समोर उभ्या राहून बघतात. औषध देण्याआधी तिने रुग्णाची ओळख पटवली का, हात धुतले का, नोंद वेळेवर केली का, हे पाहून मग लॉगबुकवर सही करतात. हा खरा सहभाग. त्या सिस्टरना 'हितधारक' म्हणून एका ओळीत गुंडाळू नका, 'वॉर्ड इन्चार्ज' असंच लिहा. रुग्णांचा अभिप्राय घेत असाल तर 'रुग्ण' लिहा.

प्रश्नकर्ती

हे पटलं. 'निष्पत्ती' राहू देऊ ना? एका सरांनी 'फलश्रुती' सुचवलं होतं.

प्रतिसाद

फलश्रुती स्तोत्राच्या शेवटी असते, इथे नको. 'निकाल'ही नको, तो मार्कांचा असतो. शालेय शिक्षणात 'अध्ययन निष्पत्ती' चांगलाच रुळलाय, शिक्षकांच्या तोंडी आहे. तोच ठेवा. फक्त प्रत्येक निष्पत्ती 'विद्यार्थिनीला अमुक करता येईल' अशी लिहा. 'ज्ञान होईल', 'जाणीव होईल' असं लिहिलंत तर इन्चार्ज सिस्टर तपासणार काय?