झोपडी उद्धट कशी असू शकते? ‘रूडली’चा अर्थ सांगा

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

माझं गावात झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पोट्ट्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, दिवसभर हेच. परवा बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावचे एक काका आले. पीककर्जाचं नवं-जुनं करायला बँकेत गेले होते. काउंटरवरच्या माणसानं सातबारा पाहिला न पाहिला अन् त्यांच्याच अंगावर फेकला. काका म्हणे, “वरच्या साहेबाले इंग्रजीत लिही बावा. थो बाहेरचा हाय, मराठी त्याले वाचताच येत नाई.”

मी आपला लिहिला ईमेल. ‘ही टॉक्ड रूड’ असं लिहिलं. माझा भाचा बारावीला आहे, तो बाजूलाच बसला होता. हसला अन् म्हणे, मामा, ‘रूडली’ पाहिजे तिथं. बरं, केलं ‘रूडली’.

खरी गंमत रात्री झाली. भाच्याच्या उताऱ्यात ‘अ रूडली बिल्ट हट’ निघालं. मोबाइलमधल्या डिक्शनरीत ‘रूडली’चा एकच अर्थ, उद्धटपणे. आता झोपडी उद्धटपणे कशी बांधते कोणी? मिस्तरीला शिव्या देत देत? त्याच पानावर खाली ‘रूडली अवेकन्ड’. भाचा म्हणते, मामा, सांग. मी म्हटलं, जेवून घे आधी. जाणकारांनी सांगावं, घरात इज्जतीचा सवाल आहे.

जुना मास्तर, वरुड

31 वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सहन करा.

डिक्शनरी चुकली नाही, अर्धवट सांगते. ‘रूड’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘रुडिस’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘रुडिस’ म्हणजे कच्चा, ज्यावर अजून हात फिरला नाही असा. दगड असो, लाकूड असो की माणूस. माणसावर हात फिरला नसेल, म्हणजे वळण लागलं नसेल, तर तो उद्धट. झोपडीवर हात फिरला नसेल तर ती ओबडधोबड. प्राथमिक धड्यांना इंग्रजीत ‘रुडिमेंट्स’ म्हणतात, तेही याच घरातले. आणि ‘एरुडाइट’, म्हणजे विद्वान, तोही इथलाच, कच्चेपणातून बाहेर काढलेला माणूस. उद्धट आणि विद्वान एकाच खानदानातले निघाले की नाही!

तुमच्या भाच्याला शेतात घेऊन जा. माझ्या संत्र्याच्या बागेला लागून एक वावर आहे, हरभऱ्याचं. राखणीसाठी तिथं एक खोपडी आहे. बाभळीचे चार खांब, चारही वाकडे. तुराट्यांचा कुड, तोही एकाच बाजूनं सारवलेला, कारण दुसऱ्या बाजूपर्यंत शेण पुरलं नाही. वर टिनाचा पत्रा, तो उडू नये म्हणून त्यावर पाच-सहा धोंडे आणि एक फुटकं टायर. दाराच्या जागी खताची पोती शिवून लटकवलीत. ओळंबा लावला नाही, गुण्या लावला नाही, लाकडाला रंधा लागला नाही. ही ‘रूडली बिल्ट’. बांधणारा बिचारा अतिशय नम्र माणूस आहे, मला अजूनही वाकून नमस्कार करतो.

मराठीत दोन्ही अर्थ पेलणारे शब्द आहेत, आपणच ते टाकून दिले. ‘रासवट’ घ्या. रासवट माणूसही म्हणता येतं आणि रासवट कामही. ‘हेंगाडा’ही तसाच. डिक्शनरीवाल्यांनी ‘उद्धटपणे’च्या शेजारी ‘रासवट रीतीनं’ एवढं घातलं असतं तर तुमचं जेवण शांततेत झालं असतं.

‘रूडली अवेकन्ड’मध्ये तिसरी छटा आहे, अचानक धक्का देऊन, खडबडून. उठवणारा उद्धट असलाच पाहिजे असं नाही, मेघगर्जनाही चालते. यावरूनच ‘रूड अवेकनिंग’ निघालं, म्हणजे डोळे खाडकन उघडणं. भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा, घरभर अंगाला खाज सुटलेली, लेकरं बाहेर ओसरीत झोपतात, आणि शिमग्याला गाडी जिनिंगवर नेली की तिथं पहिल्यापेक्षा कमी भाव ऐकू येतो. त्या क्षणाला इंग्रज हेच म्हणेल.

खामगावची, सध्या पुण्यात

मास्तरांनी मूळ सांगितलं, मी वापराचं सांगते. पाच वर्षं फोनवर गोऱ्या लोकांशी बोलायची नोकरी केली आहे.

‘ही वॉज रूड’ बरोबर, तिथं ‘रूडली’ नको. ‘ही स्पोक रूडली’ बरोबर. माणूस कसा होता ते सांगायचं तर ‘रूड’, काम कसं केलं ते सांगायचं तर ‘रूडली’. ‘टॉक्ड रूड’ बोलताना ऐकू येतं कधीकधी, पण अर्जात लिहू नका. तुमचा भाचा बरोबर होता, त्याला तसं सांगा, मामा लोक सांगत नाहीत.

आणि ‘रूड’ दिसलं की लगेच दुखावून घेऊ नका. एका बाईनं मला फोनवर सांगितलं, माझे आजोबा ‘इन रूड हेल्थ’ आहेत. मी एकदम गळा भरून ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ म्हटलं. ती गप्प. नंतर कळलं, याचा अर्थ ठणठणीत, एकदम खणखणीत तब्येत. मास्तर म्हणतात तो कच्चा, रांगडा दणकटपणा असणार.

उद्धट कशाला म्हणायचं हेही गावागावावर असतं म्हणा. हॉस्टेलला आल्या आल्या मी रूममेटला लाडानं “काय बे, जेवली का?” विचारलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिच्या मते मी तिला शिवी दिली होती. इंग्रजीत तर नुसतं ‘गिव्ह मी वॉटर’ही कानाला टोचतं, आधी ‘कुड आय’ लावावं लागतं. आपल्याकडे “पाणी दे ना व माय” यातल्या ‘ना’मध्ये सगळं प्लीज आलं.

बाबू, आता घरीच

मी बँकेत नव्हतो, पण दुसऱ्या एका कार्यालयात असल्या तक्रारी वाचण्यात हयात गेली. खरं सांगू? ‘उद्धटपणे बोलला’ असं लिहिलेला अर्ज आला की आम्हाला बरं वाटायचं. “संबंधितास समज देण्यात आली” एवढं लिहायचं, फाइल बंद. ‘रूडली’नं यापेक्षा वेगळं काही होणार नाही.

तारीख लिहा, वेळ लिहा, काउंटर कोणता ते लिहा, आणि तो माणूस नेमकं काय म्हणाला ते शब्दाला शब्द. कागद फेकला ना? मग ‘फेकला’ हेच लिहा. गावात ‘उद्धटपणे बोलला’ असं कोण म्हणतं? खेकसला, वसकन अंगावर आला, टाकून बोलला, झिडकारलं. एकेका क्रियापदात सगळं आलं. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, म्हणून ईमेलची प्रत जपून ठेवा.

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. भाच्याला खोपडीचं सांगितलं, त्याला पटलं. आमच्या वावरातली खोपडी तर मास्तरांच्यापेक्षा ‘रूडली’ आहे, तिला दारच नाही. तो बरोबर होता हे मात्र अजून सांगितलं नाही.

काकांना आज परत बोलावलं. बाबूंनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, नेमकं काय म्हणाला तो? काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, अन् म्हणाले, “वाचता येत नाई तं येता कायले, असा म्हणे. अन् मी सातवी पास हाय.” सांगताना आवाज बसला होता त्यांचा.

तारीख, वेळ, काउंटर, सगळं टाकलं. ‘थ्रू द पेपर अ‍ॅट मी’ असं लिहिलं. त्या माणसाचं वाक्य मराठीतच, जसंच्या तसं ठेवलं अन् खाली त्याचं इंग्रजी दिलं. सातवी पास असल्याचंही घातलं, काकांनी घालायलाच लावलं. पाठवायच्या आधी काका स्क्रीनवर वाकून म्हणाले, “थे ‘येता कायले’ कुठं हाय? बोट ठेव बरं त्याच्यावर.” मी बोट ठेवलं. बराच वेळ पाहत राहिले.