एटीव्हीत आरएक्स 135 चं इंजिन: कॉम्प्रेशन 195 पीएसआय, किक उलटी मारते

मुळशी_चारचाकी
शेतावर फिरवायच्या एटीव्हीत (उघडी चारचाकी) यामाहा आरएक्स 135 या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन बसवलंय. ब्लॉक 59 मिमीला बोअर केलेला, एक्झॉस्ट पोर्ट वर उचललेला, एक्स्पान्शन चेंबर (फुगीर पोटाचा सायलेन्सर) लावलेला आणि हेड लेथवर मारलेलं, म्हणजे कापून पातळ केलेलं. हेड नेमकं किती मारलं ते लेथवाल्याला सांगता येत नाही. कॉम्प्रेशन गेजवर 195 पीएसआय येतंय. किक अधूनमधून उलटी मारते. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की हेडमधून टिकटिक येते आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. पेट्रोल पंपावरचं साधंच. हेडखाली दोन पॅकिंगं टाकून कॉम्प्रेशन उतरवलं तर चालेल का?

नानापेठ_स्पेअर्स
चालेल की. तांब्याचं एक मिलिमीटरचं पॅकिंग कापून घ्या, शंभर-दोनशेत काम होतं. हेड परत लेथवर नेण्यापेक्षा बरं.

पोर्टमॅप
दादा, पॅकिंगचं आत्ताच ठरवू नका. आधी आकडा खरा आहे का ते बघा.

इंजिन गरम हवं, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा वर जायचा थांबेपर्यंत किक मारत राहा. गेजच्या अडॅप्टरचे आटे प्लगच्या आट्यांएवढेच लांब हवेत. आखूड असतील तर आकडा कमी दिसतो, लांब असतील तर पिस्टनला लागायची भीती. गेजचा व्हॉल्व्हही आट्यांकडच्या टोकाला असावा, नाहीतर नळीतली हवा मोजमापात येते. यातल्या बहुतेक चुका आकडा कमी दाखवतात, जास्त नाही. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर. इथले 195 म्हणजे मुंबईत साधारण 208. एअरकूल्ड टू-स्ट्रोकला पंपाच्या पेट्रोलवर 150 ते 165 पुष्कळ झाले.

आकडा फुगवणारं एक कारण मात्र तपासाच: सिलिंडरमध्ये साचलेलं ऑइल. क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. ते जागा अडवतं म्हणून कॉम्प्रेशन जास्त दिसतं, आणि जळताना नॉकिंगही (मिश्रण आपोआप पेटून होणारी टिकटिक) वाढवतं. गिअर ऑइलची पातळी उतरत असेल आणि धूर जळक्या वासाचा असेल तर आधी सील बदला, मग गेज लावा. हेडमध्ये कार्बनचा थर असेल तर तोही खरवडा.

मग तीन मापं द्या. पहिलं स्क्विश, म्हणजे पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांच्यात उरणारी फट: दीड ते दोन मिमी जाडीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टनपिनच्या रेषेत, डाव्या-उजव्या भिंतीला टेकवून, मॅग्नेटच्या नटने इंजिन हळूच टीडीसीवरून (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) पुढे न्या आणि दबलेलं टोक व्हर्नियरने मोजा. तार पुढे-मागे ठेवली तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. दुसरं हेडची जागा: पिस्टन टीडीसीला, रिंगच्या वरच्या फटीत ग्रीस, इंजिन असं कलतं करा की प्लगचं भोक सगळ्यात वर येईल. मेडिकलमधल्या 10 मिलीच्या सिरिंजने पातळ ऑइल सोडा. प्लगच्या भोकातला सगळ्यात खालचा आटा ओला झाला की थांबा, बुडबुडा राहू देऊ नका. तिसरं: पिस्टन टीडीसीवरून किती मिलिमीटर खाली गेल्यावर एक्झॉस्ट पोर्ट उघडतो.

मुळशी_चारचाकी
सील ठीक आहे, गिअर ऑइल उतरलेलं नाही. कार्बन काढला. गेज गरम इंजिनवर पुन्हा 195. स्क्विश डावीकडे 1.0, उजवीकडे 1.05. जागा 9.5 सीसी. पोर्ट 28 मिमीला उघडतो.

पोर्टमॅप
मग गणित सरळ आहे. 59 च्या बोअरचं क्षेत्रफळ 27.34 चौ. सेंमी. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट बंद झाल्यावरच दाब चढतो, म्हणून 50 चा स्ट्रोक धरायचा नाही, 28 मिमीच धरायचे: 76.5 सीसी. त्यात 9.5 मिळवून 9.5 ने भागलं की कॉम्प्रेशनचं गुणोत्तर 9.05:1. पंपाच्या पेट्रोलवर 7 ते 7.5 च्या आत राहा. 7.2 साठी हेडमध्ये 12.3 सीसी जागा लागते, म्हणजे 2.8 सीसी कमी पडतेय.

आता पॅकिंगचा हिशोब. 2.8 सीसी पॅकिंगने काढायचे तर बरोबर एक मिमीचं पॅकिंग लागेल, ही वरची सूचना आकड्याला अचूक बसते. पण स्क्विश एकवरून दोन मिमीवर जाईल. कडेचा गॅस पिळून मध्ये ढकलणं हे स्क्विशचं काम. दोन मिमीच्या फटीत तो तिथेच बसून राहतो, तापतो आणि ज्वाला पोहोचायच्या आत आपोआप पेटतो. गेज 155 दाखवेल आणि टिकटिक तरी चालूच राहील. ब्लॉकच्या खाली पॅकिंग टाकलं तर पोर्ट आणखी वर सरकतील, खालची ताकद जाईल. चढावर ती तुम्हाला हवीच आहे.

जागा वाढवायची ती हेडच्या मधल्या खोलगट वाटीतून. स्क्विशची एक मिमीची फट हातही न लावता ठेवायची.

भोसरी_टर्नर
हेड कसं कापायचं ते सांगतो, कारण इथेच घोळ होतो. प्लगभोवतीचं छत खाली-वर करू नका. तिथे धातू गेला की प्लगचे आटे चेंबरमध्ये बाहेर येतात, लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) पेटतो. कापायचं ते बाजूने.

आधी वाटीचा व्यास मोजा. बँड, म्हणजे वाटीभोवतीची स्क्विशची कड, बोअरच्या क्षेत्रफळाच्या निम्मा असेल तर वाटीचा व्यास 41.7 मिमी भरेल. तो 45.7 केला की बँड 40 टक्क्यांवर येतो आणि अंदाजे दीड सीसी निघतो. उरलेला सव्वा सीसी वाटीच्या उतारातून. एकदम नाही, 12 सीसीपर्यंत आणून थांबा, मोजा, मग उरलेलं. बँड आणि वाटी जिथे भेटतात तिथली धार पॉलिश पेपरने मोडा, टोकदार कड लाल होते. बँडचा कोन पिस्टनच्या माथ्याला जुळतोय ना ते बघा: भिंतीकडे एक आणि आत दीड मिमी फट चालेल, उलटं नको.

पिस्टनही बाहेर काढून बघा. एक्झॉस्टच्या बाजूची कड वाळूने घासल्यासारखी खरबरीत असेल तर नॉकिंगने खाल्लेली आहे. मधोमध वितळलेलं असेल तर तो प्लगचा किंवा वेळेआधी पेटण्याचा मामला. रिंगची खाच दबली असेल तर पिस्टन बदला, नुसती रिंग टाकून भागत नाही. बसवताना हेडचे नट फुलीत, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने.

जेट_आणि_ठिणगी
हेड होऊन येईपर्यंत गाडी चढावर नेऊ नका. एक्सपी 100 सारखं 100 ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात काही पंपांवर मिळतं. त्याने टिकटिक थांबेल, पण 9 च्या कॉम्प्रेशनवर किक तशीच उलटी येणार आणि गुडघ्याला दणका बसणार.

हेड बसलं की कार्ब्युरेटरचा जेट. पूर्वीच्या बिनइथेनॉल पेट्रोलवर बसवलेला जेट ई20 वर (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) लीन पडतो, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, 6-7 टक्के मोठा घ्या. मिकुनी कार्ब्युरेटरमध्ये 110 असेल तर 117.5. प्लगही एक पायरी थंड: एनजीकेत आकडा वाढतो तसा प्लग थंड होतो, बॉशमध्ये उलटं, तेव्हा दुकानात नुसतं 'एक नंबर वरचा द्या' म्हणू नका. ठिणगीचं टायमिंग मागे घेतलंत तर एक-दोन अंशच. त्याहून जास्त मागे नेलं की उष्णता सायलेन्सरकडे जाते आणि पिस्टनची एक्झॉस्टची बाजू तापते.

शेवटी फुल थ्रॉटलवर चढ चढवून, क्लच दाबून, किल स्विच मारून प्लग काढा. काळे ठिपके गेलेले आणि तळाशी चॉकलेटी रंग असेल तर जमलं. गेज 150 ते 160 च्या मध्ये यायला हवं. त्याहून वर आलं तर सिरिंज परत काढा, 12.3 सीसी भरलेच नसणार.