मदत हवी आहे: फोर्ड मॉडेल टी (1924), टाकीतून पेट्रोल नीट उतरत नाही

नमस्कार मंडळी,

मामांच्या मॉडेल टीबद्दल विचारायचंय. टूरिंग बॉडी, कॅनडात बनलेली, उजव्या स्टिअरिंगची. इंजिन ठणठणीत आहे, दुखणं टाकीचं. गाडी हळू चालवली तर काही त्रास नाही. जरा वेग घेतला की थोड्या वेळाने आचके देते आणि बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा सुरू!

ही गाडी जवळून न पाहिलेल्यांसाठी सांगतो. हिला पेट्रोल पंपच नाही. सुमारे 38 लिटरची टाकी पुढच्या सीटखाली आडवी बसवलेली असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेच कार्बोरेटरपर्यंत उतरतं. दोघांच्या उंचीतला फरक मुळातच थोडा. चढावर गाडीचं नाक वर गेलं की तोही जातो. म्हणून टाकीत पेट्रोल कमी असलं की त्या काळी लोक चढ रिव्हर्समध्ये चढायचे. पण आमची सपाट रस्त्यावरही बंद पडते, तेव्हा चढाचा प्रश्न नाही.

झाकणाचं हवेचं भोक चोंदलं असेल म्हणून झाकण सैल ठेवून पाहिलं, फरक नाही. पाइप काढून फुंकला, मोकळा आहे. कार्बोरेटर उघडून साफ केला. मग टाकीखालच्या सेडिमेंट बल्बचा (गाळ-पाणी साठवणाऱ्या वाटीचा) कॉक उघडला, तर आधी चांगली धार, मग सुतासारखी, मग नुसते थेंब. काठी घालून पाहिलं तर टाकीत पेट्रोल भरपूर शिल्लक! कॉकमधून तार वर सारली की तांबूस भुकटी पडते आणि धार पुन्हा लागते. माझ्या मते बल्बवरची गाळणी गंजाने चोंदते आणि गाडी थांबली की तो गाळ सुटतो. गाडी बरीच वर्षं उभी होती. आता ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मधलं इथेनॉल आतला जुना चिकट थर सोडवतंय आणि पावसाळ्यात हवेतलं पाणीही ओढतंय, असाही संशय आहे.

इथल्या एका फिटरने इलेक्ट्रिक पंप लावायला सांगितलं. मला ते अजिबात पटत नाही. कार्बोरेटरमधला फ्लोट व्हॉल्व्ह (आत येणारं पेट्रोल रोखणारी झडप) एवढ्याशा दाबासाठी बनलेला, पंपाने पेट्रोल बाहेर वाहणार आणि बरोबर वर तापलेला एक्झॉस्ट आहे. आग लागली तर काय?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा: बल्ब टाकीत घट्ट बसलाय, तो टाकीचा पत्रा न फाडता कसा फिरवायचा? उष्णता देणं शक्य नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. आतला गंज काढल्यावर कोटिंग करावं का? केलं तर ई-20 मध्ये टिकणारं कोणतं? मूळ गाळणीच्या मापाची पितळी जाळी इथे कुणी बनवून देतं का?

कोल्हापूर, सांगली किंवा पुण्याकडे जुन्या टाक्यांचं काम करणारा भरवशाचा कारागीर माहीत असेल तर नक्की कळवा. टाकी उतरवून घेऊन यायची तयारी आहे. बल्बचे आणि काठीच्या खुणांचे फोटो उद्या इथेच टाकतो.