अनुभव धागा : पडद्यावर पाहिलेली ठिकाणे आणि बिघडलेले बेत

रानवाट :
परवा सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर 'थ्री इडियट्स' लागला होता. शेवटच्या प्रसंगात पँगाँग सरोवराचे निळे पाणी दिसू लागताच सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. कोणीही काही विचारले नाही, कारण कारण सगळ्यांनाच ठाऊक होते.

हा चित्रपट २००९ साली आला, तेव्हापासून त्यांच्या मनात ते सरोवर होते. बऱ्याच वर्षांनी सगळ्यांच्या रजा जुळल्या आणि आम्ही विमानाने लेहला पोहोचलो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथून सरोवराकडे जाताना चांग ला ही ५,३०० मीटरांहून उंच खिंड ओलांडावी लागते. सांगितल्याप्रमाणे आम्ही विश्रांती घेतली, भरपूर पाणी प्यायलो, कुठेही घाई केली नाही, तरीही दुसऱ्या रात्री त्यांचे डोके ठणकू लागले आणि उलट्या थांबेनात. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासला आणि खिंडीकडे जायचे नाही, शक्य तितक्या लवकर खाली उतरायचे, असे स्पष्ट सांगितले. सरोवराच्या काठी फोटो काढण्यासाठी त्यांनी मुद्दाम एक पिवळी शाल घेतली होती. तिची घडीही मोडली गेली नाही. परतीच्या विमानात त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्यापायी पोरांची सुट्टी गेली."

असा बेत मोडला की भेटणारा प्रत्येक जण 'पुन्हा जाता येईल' असे म्हणतो. ते खरेही असते, पण कित्येक महिने मनात बाळगलेल्या गोष्टीचे दुःख दोन दिवस तरी दुःख म्हणून राहू द्यावे, असे मला फार वाटते. चित्रपट पाहून ठरवलेले, सुट्टीसाठी आखलेले आणि मध्येच विस्कटलेले आपले बेत इथे लिहावेत, अशी सर्वांना विनंती आहे.

पिंपळपान :
रानवाटताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्यामुळे काहीही गेले नाही, हेही सांगा. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. कोणाला त्रास होईल आणि कोणाला होणार नाही, हे वय किंवा तब्येत पाहून आधी सांगता येत नाही. रोज व्यायाम करणारे तरुणही आजारी पडतात. त्रास सुरू झाल्यावर आणखी वर न जाणे आणि तो वाढू लागला की खाली उतरणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे. तुम्ही वेळेत परतलात, हे फार चांगले केलेत.

दूरदेशी :
ज्वालामुखीच्या राखेमुळे आम्ही विमानतळावर अडकलो होतो. आइसलँडमधल्या एयाफ्यालायोकुत्लच्या मुखातून १४ एप्रिल २०१० रोजी राखेचा मोठा लोट उसळला आणि त्यानंतर सुमारे सहा दिवस युरोपातले बहुतेक आकाश विमानांना बंद राहिले. एकंदर एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली आणि त्यांतले एक आमचे होते. बाहेर ऊन स्वच्छ पडले होते, त्यामुळे विमाने का उडत नाहीत हे माझ्या धाकट्या मुलीला काही केल्या पटत नव्हते. राखेत काचेसारखे बारीक कण असतात, ते इंजिनाच्या उष्णतेने वितळतात आणि पुढे पात्यांवर जाऊन घट्ट बसतात, असे मी तिला चित्र काढून समजावले. १९८२ साली जावा बेटाजवळ एका प्रवासी विमानाची चारही इंजिने अशाच राखेमुळे बंद पडली होती. ती पुन्हा सुरू करता आली म्हणून त्यातले सगळे प्रवासी वाचले.

रात्री लोखंडी खाटा मांडल्या गेल्या. शेजारच्या खाटेवरच्या एका आजोबांनी आपला लॅपटॉप सुटकेसवर ठेवला आणि एक जुना मूकपट लावला. पाहता पाहता भोवती निरनिराळ्या देशांची मुले येऊन बसली. एकमेकांचा एक शब्दही न कळणारी ती मुले एकाच क्षणी हसत होती, आणि माझी मुलगी तर पुढे काय होणार ते शेजारच्या मुलाला हातवारे करून आधीच सांगून टाकत होती. ज्या शहरासाठी आम्ही निघालो होतो ते आजवर पाहिले गेलेले नाही आणि त्याची रुखरुख मला अजूनही आहे. त्या रात्रीने तिची भरपाई झाली, असे मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ वेगवेगळ्या आहेत.

सांजवात :
दूरदेशी, शेवटची दोन वाक्ये अगदी पटली. 'जे होते ते बऱ्यासाठी' हे वाक्य अडकलेल्या माणसाला कोणी ऐकवू नये.

आमच्या बाबतीत गोंधळ तारखेचा झाला. उड्डाण रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी होते, तिकिटावर पंधरा तारीख होती आणि प्रवास ठरवून देणाऱ्या माणसाने आईला फोनवर 'पंधराच्या रात्री निघा' असे सांगितले. म्हणजे घरातून बाहेर पडायला हवे होते त्या रात्री आई-बाबा शांत झोपले होते. दुसऱ्या दिवशी सामान दाराशी लावून, औषधांच्या डबीवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवून आई तयार होऊन बसली, तेव्हा विमान केव्हाच पोहोचलेही होते. तेव्हापासून आमच्या घरात मध्यरात्रीचा प्रवास असला की कॅलेंडरवर 'चौदा आणि पंधरा यांच्या मधली रात्र' असे संपूर्ण लिहितात. इथल्या प्रत्येकाने तसेच लिहावे, विशेषतः ज्येष्ठ मंडळी एकटी प्रवास करणार असतील तर नक्कीच.

पिंपळपान :
सांजवात, मी हे आत्ताच आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तसे लिहून आले. पुढच्या महिन्यात मावशी निघणार आहे आणि तिचेही विमान बारानंतरचे आहे.

चांदणझुला :
माया बे. थायलंडमधल्या फी फी ले बेटावरचा हा छोटा उपसागर २००० सालच्या 'द बीच' या चित्रपटामुळे जगभर प्रसिद्ध झाला. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही तिथे गेलो, तेव्हा तो बंद होता. प्रवास ठरवताना आम्हाला हे कोणीही सांगितले नव्हते, उलट कार्यक्रमपत्रिकेत त्याचेच चित्र छापलेले होते. नावाड्याने तोंडापाशी नाव थांबवली, दोन्ही बाजूंचे कडे आणि मधली पांढऱ्या वाळूची पट्टी लांबून दाखवली आणि काही मिनिटांत नाव वळवली. माझा फार विरस झाला आणि मी परतताना कोणाशीही बोलले नाही.

नंतर वाचल्यावर समजले की गर्दीच्या काळात तिथे रोज हजारो माणसे उतरत होती आणि नावांच्या नांगरांनी तळाचे प्रवाळ मोडून गेले होते. म्हणून जून २०१८ पासून ते ठिकाण बंद ठेवले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडले. मधल्या शांत काळात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क तिथल्या उथळ पाण्यात परतले. आता नावा उपसागरात शिरत नाहीत, मागच्या बाजूने उतरून चालत जावे लागते आणि दरवर्षी पावसाळ्यात काही काळ ते ठिकाण बंदही असते. जाणाऱ्यांनी तारखा आधी तपासून घ्याव्यात. बंदी योग्यच होती, असे मी आज मनापासून म्हणते. मात्र बंद असलेल्या जागेचे चित्र छापून प्रवासी गोळा करणे ही फसवणूक आहे.

जुना पडदा :
माझा अनुभव प्रवासाचा नाही, सुट्टीतल्या चित्रपटाचा आहे, तरी इथे बसेल असे वाटते. मी अनेक वर्षे चित्रपटगृहाच्या प्रक्षेपण खोलीत काम केले आहे. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळचा खेळ रद्द झाला की प्रेक्षकांना वाटते, कर्मचाऱ्यांनी हलगर्जी केली. हल्ली चित्रपट डिजिटल स्वरूपात येतो आणि तो कुलूपबंद असतो. तो उघडणारी डिजिटल किल्ली स्वतंत्र फाइल म्हणून पाठवली जाते, ती ठरावीक पडद्याच्या ठरावीक यंत्रावरच चालते आणि तिला सुरुवातीची व शेवटची वेळ घातलेली असते. ती वेळेत पोहोचली नाही किंवा मधल्या काळात यंत्र बदलले गेले असेल, तर चित्रपट समोर असूनही पडदा कोरा राहतो.

अशाच एका सकाळी एक मुलगा आपल्या आजोबांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आला होता. आजोबा रुग्णालयातून नुकतेच घरी आलेले होते आणि पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा दाखल व्हायचे होते. खेळ होणार नाही हे मीच खाली जाऊन सांगितले. तिकिटाचे पैसे परत मिळतील, हे वाक्य त्या दोघांसमोर उच्चारताना मला फार जड गेले. ती किल्ली दुपारी आली, पण ते परत आले नाहीत. रानवाटताई, 'पुन्हा जाता येईल' याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मला तेच आठवले.

रानवाट :
जुना पडदा, तुम्ही खाली जाऊन स्वतः सांगितलेत, याचे मोल त्या मुलाला नक्की कळले असेल. हे मी सासूबाईंना वाचून दाखवले आणि त्या बराच वेळ त्याबद्दलच बोलत होत्या.

पिंपळपान, तुमचा निरोपही दिला. त्यांची प्रकृती आता उत्तम आहे. डॉक्टरांनी उंचावर जाऊ नका असे सांगितल्यामुळे आता समुद्रालगतचे एखादे ठिकाण पाहावे, असा त्यांचा विचार आहे. एका चित्रपटात स्केलिग मायकल हे आयर्लंडजवळचे बेट पाहिल्यापासून माझे यजमान त्याचा पाठपुरावा करत आहेत. तिथे कोणी गेले आहे का?

दूरदेशी :
मी गेलो आहे, आणि पहिल्या वेळी किनाऱ्यावरूनच परतलो आहे. त्या बेटावर उतरवणाऱ्या नावा साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच चालतात आणि नाव निघणार की नाही, हे अटलांटिकच्या लाटा पाहून त्याच सकाळी ठरते. वरच्या प्राचीन ख्रिस्ती मठापर्यंत ६१८ दगडी पायऱ्या आहेत, त्या उघड्या आणि ओबडधोबड आहेत, अनेक ठिकाणी आधाराला कठडा नाही आणि बेटावर स्वच्छतागृहही नाही. सासूबाईंसाठी बेटाला फेरी मारून परतणारी नाव घ्यावी. तिच्यात उतरावे लागत नाही आणि वाटेत शेजारच्या धाकट्या स्केलिग बेटावरचे गॅनेट हे समुद्रपक्षी हजारोंच्या संख्येने अगदी जवळून दिसतात. आरक्षण मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचे करा, म्हणजे ते रद्द झाले तरी पुढचे दिवस हाताशी राहतील.