नगरसेवक आले, पण महापालिका कुणाची?

तळजाई (धागाकर्ता)

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं. गुलाल उडाला, फ्लेक्स लागले, सत्कार झाले. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती, पुण्याची त्यानंतर आठवड्याभरात. संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर तर २०२० पासूनच प्रशासकाच्या, म्हणजे आयुक्ताच्याच, ताब्यात होत्या. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की सभागृहाची मुदत पाच वर्षं आणि पुढची निवडणूक ती संपायच्या आत. असो.

उशीर झाला यावर खूप लिहून झालंय. मला वेगळंच खटकतं. एवढी वर्षं एकही नगरसेवक नव्हता आणि कागदोपत्री कुणाचं काही अडलं नाही. अंदाजपत्रकं मंजूर झाली, करारांवर सह्या झाल्या. मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटींची काँक्रीट रस्त्यांची कामं दिली गेली, त्यावर सभागृहात एक प्रश्न विचारला गेला नाही, कारण सभागृहच नव्हतं. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, प्रशासक म्हणून स्थायी समितीच्या खुर्चीत बसून तो मान्य करायचा, मग मुख्य सभा म्हणून पुन्हा मान्य करायचा. माणूस एकच, पेनही तेच.

हे चालू शकलं, कारण आपला कायदाच तसा आहे. कार्यकारी अधिकार आयुक्ताचे, आयुक्त नेमणार सरकार. महापौराने सभा चालवायची, तीही अडीच वर्षं. त्या खुर्चीचं आरक्षण नगरविकास खात्यात सोडत काढून ठरणार, आणि हे खातं आजवरच्या बहुतेक मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवलेलं. महापौराला खरे अधिकार द्या, नाहीतर लोकांना मतदानाच्या रांगेत कशाला उभं करता?

माटुंगा रोड

साफ असहमत. नगरसेवकांच्या हातात कारभार दिला की काय होतं ते पाहत आलोय. स्थायी समितीत आयत्या वेळी आलेले विषय, चर्चा न होता मंजूर. कुठलं टेंडर का अडलं आणि का सुटलं हे पालिकेत चहा पोचवणाऱ्या पोऱ्यालाही माहीत असायचं.

इतिहासही बघा. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा सगळा कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्डकडे गेला. त्याने शहर सुधारलं, मंडई बांधली आणि तिजोरीही रिकामी केली. करदाते खवळले. त्या वादात १८७१ मध्ये फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि काय म्हणाले? सभासद लोकांनी निवडावेत, पण कारभार जबाबदार अशा एकाच अधिकाऱ्याकडे असावा. १८८८ चा मुंबईचा कायदा याच साच्यातला. ज्यांना आपण मुंबईच्या नागरी कारभाराचे जनक म्हणतो त्यांचंच हे मत.

आणि महापौराला अधिकार देऊन झालेत. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला मेयर-इन-कौन्सिल (महापौर आणि त्याच्या मंडळाच्या हाती कारभार) आणली, १९९९ मध्ये गुंडाळली. शिवसेना-भाजप युतीनेच आणली, युतीनेच गुंडाळली.

तळजाई

फिरोजशहांचं अर्धंच सांगितलंत. त्यांच्या योजनेत अधिकाऱ्याच्या डोक्यावर बसून हिशेब मागणारी निवडून आलेली सभा होती. ती नसलेला आयुक्त म्हणजे क्रॉफर्डच, आणि २०२२ पासून आपण नेमकं तेच भोगलं. टेंडरातल्या टक्केवारीचं म्हणाल तर प्रशासक आल्यावर ती बंद झाली का? मुंबईचे रस्ते बघून तसं वाटलं नाही.

मेयर-इन-कौन्सिल वर्षभरात गुंडाळली, मग ती फसली हे ठरवलं कुणी? वर्षभरात साधा नालाही पुरा होत नाही.

कायदेकानू

दोघेही राजकारण बोलताय, थोडं कलमांकडे बघू.

शहरांच्या कारभाराची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत: नगररचना, पाणी, रस्ते, झोपडपट्टी सुधारणा वगैरे. लोक म्हणतात घटनेने हे शहरांना दिले. दिले नाहीत. कलम २४३-डब्ल्यू म्हणतं की विधानमंडळ कायदा करून हे अधिकार देऊ शकेल. बंधन नाही. म्हणून नगररचनेचा विषय अनुसूचीत पहिला आणि प्रत्यक्षात एमएमआरडीए, म्हाडा, एसआरए या राज्य सरकारच्या यंत्रणांनी आपापला तुकडा कापून घेतलेला.

दुसरं, आयुक्त सभागृहाच्या ताब्यातच नाही असं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश विरोधात गेले तर आयुक्ताला तात्काळ परत बोलवावं लागतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईने आयुक्त तुकाराम मुंढेंविरुद्ध असा ठराव केला, १०४ विरुद्ध ६. सरकारने ठरावालाच स्थगिती दिली आणि मुंढे पुढे काही महिने तिथेच राहिले. कलम ४५१ सरकारला ठराव निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू देतं. पालिकेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, 'विखंडनासाठी पाठवलाय' म्हणजे विषय संपला.

माटुंगा रोड

उदाहरण चांगलं दिलंत, पण माझ्याच बाजूचं आहे. मुंढेंवर १०४ जण का उलटले होते? अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालवला म्हणून. त्या दिवशी नवी मुंबईतले सामान्य लोक कुणाच्या बाजूने होते ते आठवा. ४५१ नसतं तर तो माणूस दुसऱ्या दिवशी घरी गेला असता.

कायदेकानू

मुंढे बरोबर होते की चूक हा मुद्दाच नाही. उद्या सभागृह बरोबर असेल आणि आयुक्त बिल्डरांना धार्जिणा असेल, तेव्हाही हेच ४५१ वापरलं जाईल. मंत्र्याच्या मर्जीतल्या आयुक्ताला हात लावता येत नाही, आणि मर्जीतून उतरलेल्याला ठरावाची गरज लागत नाही, बदलीचा कागद पुरतो. मुंढेंचंही मार्च २०१७ मध्ये तेच झालं.

साडेतीन गुंठे

शहरवाले लोक नगरसेवक चार वर्षं नव्हते म्हणून रडताय. आमचं ऐका.

पुणे महापालिकेत २०२१ च्या जूनअखेर २३ गावं घेतली, त्यातलं आमचं एक. ग्रामपंचायत बरखास्त. सरपंच गेला, उपसरपंच गेला, ग्रामसभा गेली. नगरसेवक मिळेल म्हणाले, तो जानेवारी २०२६ मध्ये मिळाला. मधली साडेचार वर्षं गावाच्या कारभारासाठी आम्ही कुणालाच मत दिलेलं नव्हतं. २०२१ मध्येच सरकारने या गावांचं नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ठेवलं. म्हणजे घरपट्टी महापालिकेला, बांधकामाचा नकाशा पीएमआरडीएकडे. ओढ्यावर कुणी भिंत घातली तर तक्रार घेऊन गेल्यावर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात सांगतात परवानगी आम्ही दिली नाही, तिकडे जा. तिकडे सांगतात ड्रेनेज आमच्याकडे नाही, इकडे जा. आमचे वडील दोन्हीकडे जाऊन आले, अर्जावर पोच दोन्हीकडून मिळाली. ओढा आहे तिथेच तुंबतोय.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची तर आणखी गंमत. २०१७ ला महापालिकेत घेतलं, २०२४ ला बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. साऱ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या उशाला. आत घेताना त्यांना विचारलं नव्हतं. बाहेर काढताना पुण्याच्या मुख्य सभेलाही विचारायला मार्ग नव्हता, तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती.

तळजाई

हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे.

राजवाडा, इंदूर

आमच्याकडे तुम्हाला हवा तसा महापौर आहे. थेट जनतेतून निवडलेला, सोबत मेयर-इन-काउन्सिल. (तोही कायदा कमलनाथ सरकारने २०१९ मध्ये फिरवला, पुढच्या सरकारने २०२२ मध्ये परत फिरवला. पोरखेळ तोच.) स्वच्छतेत इंदूरचा नंबर पहिला, तेव्हा तुम्ही सगळे आमच्याकडे बोट दाखवायचात.

डिसेंबर २०२५ मध्ये इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाला दूषित पाणी आलं आणि माणसं दगावली. आयुक्ताला हटवलं ते मुख्यमंत्र्यांनी. आणि महापौरांची तक्रार काय, तर अधिकारी ऐकत नाहीत. लाखो मतं घेऊन आलेल्या माणसाची ही कथा. अधिकाऱ्याची बदली, बढती आणि गोपनीय अहवाल ज्याच्या हातात, त्याचंच तो ऐकणार. मत थेट दिलं की वाकडं दिलं याने फरक पडत नाही हो.

माटुंगा रोड

बघा, म्हणजे महापौराला अधिकार देऊनही पाणी घाणच.

राजवाडा, इंदूर

अधिकार दिलेच नाहीत हो, पद दिलं. तेच सांगतोय.

घोडबंदर

पैशाबद्दल कुणीच बोललं नाही. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. बाकी ठिकाणी जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला. जकातीत चोरी होती, नाक्यावर ट्रकांच्या रांगा होत्या, सगळं मान्य. पण तो पैसा पालिकेचा स्वतःचा होता. आता राज्याकडून नुकसानभरपाईचा हप्ता येतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, निर्णय राज्य मंत्रिमंडळाचा, खड्डा पालिकेच्या तिजोरीत. टाळ्या एकाला, बिल दुसऱ्याला. हप्त्याची वाट बघणारा महापौर मंत्रालयाशी कसा भांडणार?

कायदेकानू

बरोबर, आणि सभागृहाचा आकारसुद्धा मंत्रालयातच ठरतो. मुंबईत २२७ जागा होत्या. महाविकास आघाडी सरकारने २३६ केल्या, शिंदे सरकारने परत २२७. मुंबई सोडून बाकी ठिकाणी कधी एक सदस्याचा प्रभाग, कधी दोन, कधी तीन, आता चार. पुण्यात ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, एका प्रभागात तर पाच. ओबीसी आरक्षणाचा वाद खरा होता, पण सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२२ लाच निवडणुका लावा म्हणून सांगितलं होतं. मतदान जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात एकाही सत्ताधाऱ्याला घाई नव्हती, कुठल्याच पक्षाच्या.

माटुंगा रोड

ठीक आहे, चारच्या पॅनेलवर माझाही राग आहे. गटार तुंबलं की चौघेही म्हणतात दुसऱ्याला फोन करा. पण त्यावर उपाय महापौराला राजा करणं हा नाही. एक सदस्याचा प्रभाग करा आणि आयुक्ताला तीन वर्षं हलवता येणार नाही असं कायद्यात घाला. मंत्र्यालाही नाही आणि स्थायी समितीलाही नाही.

तळजाई

तीन वर्षं न हलणारा आयुक्त मला चालेल, पण पाच अष्टमांशाचा ठराव झाला तर त्याला जावं लागेल आणि त्या ठरावाला ४५१ लागणार नाही, एवढं सोबत घाला. तुम्हाला मुंढेंची भीती आहे, मला पुढच्या क्रॉफर्डची. महापौराच्या मुद्द्यावर मी माघार घेतलेली नाही.

साडेतीन गुंठे

तुमचं ठरलं की ओढ्याचा अर्ज कुठे द्यायचा तेवढं सांगा. पोच दोन्हीकडची आहे आमच्याकडे.