नागपूर ते पुणे मांजरीला मोटारीने नेण्याबाबत मदत हवी आहे

मे महिन्यात आम्ही नागपूरहून पुण्याला कायमचे राहायला जात आहोत. सोबत 6 वर्षांची, सुमारे 4 किलो वजनाची मांजर आहे. विदर्भातले ऊन टाळण्यासाठी रात्री निघून समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरपर्यंत आणि पुढे अहिल्यानगरमार्गे जाण्याचे ठरवले आहे. थांबे धरून 12 तास तरी लागतील. फलाटावरच्या गोंगाटाने ती बिथरेल, म्हणून रेल्वेचा विचार सोडला.

तिचा कॅरियर (मांजर नेण्याची पेटी) 3 आठवडे दिवाणखान्यात उघडा ठेवला असून आत अंथरलेल्या माझ्या जुन्या साडीवर ती आता स्वतःहून झोपते. मात्र गाडी सुरू होऊन 15 मिनिटे होतात न होतात तोच ती तोंड उघडून धापा टाकते आणि लाळेने छाती भिजवून घेते. डॉक्टरांनी तपासून प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले. त्यांच्या सल्ल्याने दिलेल्या औषधाने ओरडणे थांबले, लाळ मात्र थांबली नाही.

गाडीत आम्ही दोघेच असू, त्यामुळे एकजण सतत तिच्याजवळ बसू शकेल. इतक्या लांबच्या प्रवासात दारे-काचा बंद ठेवून, थांबलेल्या गाडीतच तिला लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) आणि पाण्यासाठी बाहेर काढावे का, आणि काढायचे तर किती तासांनी; की पुण्याच्या घरी पोहोचेपर्यंत कॅरियर उघडूच नये?