नॉट इन लावलं की यादीत एकही सभासद येत नाही

संकलन_केंद्र: नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मी बघतो, डेटाबेस (माहितीचा साठा) पोस्टग्रेस. दिवाळीच्या फरकबिलाआधी सेक्रेटरींना सप्टेंबरात एकदाही दूध न घातलेल्या सभासदांची यादी हवीय. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अशी:

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर क्रमांक नॉट इन (सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम संकलन व्हेअर महिना = ९)

शून्य ओळी. एररही नाही. नॉट काढला की दूध घालणारे बरोबर येतात. म्हशी आटल्यामुळे न आलेली चार-पाच घरं मला स्वतःला माहीत आहेत. ती गेली कुठं?

रांगडा_कोडर: संकलनात सभासद_क्रमांक नल, म्हणजे न भरलेला, असलेल्या ओळी आहेत का?

संकलन_केंद्र: आहेत. बिगरसभासदाचं दूध आलं की ऑपरेटर क्रमांक सोडून देतो. पण नल कुणाशीच जुळत नाही ना? मग त्याचा काय त्रास?

विदागारातली: त्रास तिथंच आहे दादा. नलशी तुलना केली की उत्तर ‘नाही’ येत नाही, ‘माहीत नाही’ येतं. समजा सभासद ४२ आहे आणि आतल्या यादीत १७, ८८ आणि एक नल. नॉट इन म्हणजे: ४२ हा १७ नाही, आणि ८८ नाही, आणि नल नाही. पहिली दोन खरी, तिसरं अज्ञात. ‘आणि’ने जोडल्यावर सगळंच अज्ञात होतं आणि व्हेअर फक्त ‘खरं’ असलेली ओळ पुढं सोडतं. त्यामुळे एका नलपायी झाडून सगळे सभासद गळाले. नुसत्या इनमध्ये ‘किंवा’ असतो, एक जुळलं की भागतं, म्हणून तिथं काही जाणवलं नाही.

असं लिहा. नॉट एक्झिस्ट्स फक्त जुळणारी ओळ आहे की नाही एवढंच बघतं, त्यामुळे नल आडवा येत नाही:

सिलेक्ट स.नाव फ्रॉम सभासद स व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम संकलन क व्हेअर क.सभासद_क्रमांक = स.क्रमांक अँड क.महिना = ९)

आतल्या क्वेरीत ‘इज नॉट नल’ घालूनही आज काम होईल, पण पुढच्या क्वेरीत कुणीतरी ते विसरणारच. शिवाय नॉट एक्झिस्ट्सला पोस्टग्रेस अँटी जॉइन (दुसऱ्या टेबलात जोडी नसलेल्या ओळी थेट काढायची पद्धत) लावू शकतं, मोठ्या टेबलावर त्याचा फरक कळतो.

आणि प्रकार <> 'म्हैस', म्हणजे ‘प्रकार म्हैस नाही’, असं कुठं लिहिलं असेल तर तेही तपासा. प्रकार न भरलेल्या ओळी त्यातून गुपचूप गळतात. तिथं ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ वापरा, ते नललाही ‘वेगळा’च धरतं. नकाराची यादी काढली की दूध घातलेले अधिक न घातलेले बरोबर एकूण सभासद, ही बेरीज मी प्रत्येक वेळी करतेच. इथं लोकांच्या फरकाचे पैसे आहेत.

संकलन_केंद्र: आली यादी! ती घरंही आहेत. बेरीजही जुळली.

रांगडा_कोडर: सेक्रेटरींना देऊ नका अजून. महिना = ९ मध्ये वर्ष कुठंय? गेल्या सप्टेंबरात दूध घालून यंदा बंद केलेला सभासद या यादीत येणारच नाही, आणि बेरीज तरीही जुळेल. महिन्याऐवजी तारीख घ्या: १ सप्टेंबरपासून, १ ऑक्टोबरच्या आत, वर्षासकट.